तगर ते सुवर्णभूमी : तेर गावाची अर्थयात्रा

बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावणारी तेरणा नदी धाराशिव जिल्ह्यातून वाहत जाऊन मांजरेला मिळते. मांजरा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. या तेरणेच्या काठी, धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेर हे गाव वसले आहे. भोवताली काळी कसदार जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि गावालगत ठिकठिकाणी पांढऱ्या मातीची टेकाडे. समुद्र कोणत्याही बाजूने जवळ नाही. पश्चिम किनारा गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो आणि पूर्व किनारा त्याहूनही दूर आहे. असे असूनही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले होते. तेव्हा त्याला तगर म्हणत.

व्यापारी कुटुंबांनी तेरला जावे ते केवळ देवदर्शनासाठी किंवा जुनी भांडी पाहण्यासाठी नव्हे. बाजारपेठ कशी उभी राहते, ती कशी सरकते आणि ती सरकल्यावर गावाजवळ काय उरते, हा सारा हिशेब तेथे मातीच्या थरांत मांडून ठेवलेला आहे.

ग्रीक वहीतील नोंद

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कोठे काय स्वस्त मिळते, वारा कधी अनुकूल असतो, अशा व्यवहाराच्या गोष्टी तीत आहेत. दक्षिणापथातील दोन बाजारपेठा लेखकाला विशेष महत्त्वाच्या वाटल्या. पहिली पैठण. ती भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर. ती पैठणपासून आणखी दहा दिवसांच्या वाटेवर आणि फार मोठे नगर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत खडे भडोचला जात. तगरहून जाडेभरडे कापड, नाना प्रकारची मलमल आणि ग्रीक लोक ज्याला ‘मोलोखिना’ म्हणत ते वस्त्र जात असे. हा सारा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून जाई. समुद्रकिनाऱ्याकडील प्रदेशातून तगरला येणारा इतर मालही याच मार्गाने पुढे जाई, असेही लेखक सांगतो. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही तगराची नोंद केली आहे.

हे तगर नेमके कोठे, याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांत बराच वाद झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी कोल्हापूर. अखेर 1901 मध्ये कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे निजामाच्या राज्यातील तेर हे सप्रमाण मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेरला येऊन तेथील प्राचीन वास्तूंची पाहणी केली. 1958 मध्ये बी. एन. चापेकर यांनी येथे उत्खनन केले आणि पुढेही उत्खनने होत राहिली. सातवाहनकालीन नाणी, शंखाच्या बांगड्या, नाना प्रकारचे मणी, भाजलेल्या मातीच्या सुबक मूर्ती आणि रोमन जगातून मद्य व तेल घेऊन येणाऱ्या दोन कानांच्या रांजणांचे तुकडे या मातीतून निघाले. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर विख्यात आहे. तिच्याशी साम्य असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. पॉम्पेई हे नगर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचलेली होती.

तयार मालाचे गाव

तगरच्या व्यापारात एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. हे गाव कापूस पाठवीत नव्हते, कापड पाठवीत होते. कापूस पिकविणारा, सरकी काढणारा, सूत काढणारी, विणकर, रंगारी, गाडीवान आणि सावकार या सर्वांची मजुरी व नफा त्या कापडाच्या किमतीत मिळालेला असे. रोमचा लेखक प्लिनी याने भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स इतका पैसा वाहून जातो अशी तक्रार केली होती. सेस्टर्स हे रोमन नाणे. त्या ओघातील एखादी धार सह्याद्री चढून तेरणेच्या काठापर्यंतही येत असली पाहिजे.

हा व्यवहार उधारी आणि ठेवीशिवाय चालणे शक्य नव्हते. तेरमधील हिशेब नष्ट झाले, परंतु त्याच काळातील दख्खनचा एक हिशेब दगडावर शिल्लक आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. या ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. दोन हजारांचे शेकडा एक दराने मासिक व्याज वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. लेखातील तरतूदही वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण अशीच आहे. बेरीज नाण्यालाही चुकत नाही. विणकरांची संघटना तेव्हा पेढीही होती. आजचे विश्वस्त निधी ज्या तत्त्वावर चालतात, ते दख्खनच्या कापड व्यवसायाला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते.

भडोचचा खरेदीदार आणि तगरचा विणकर यांच्यामध्ये महिनाभराची वाट होती. माल नमुन्याप्रमाणे निघाला नाही तर जाब विचारायला कोणी तेथवर येणार नव्हते. अशा व्यापारात माप, वजन आणि शब्द हेच भांडवल. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीजास्त मापे ठेवणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे हे दोष तत्त्वार्थसूत्राने आवर्जून गणले आहेत. हा उपदेश बाजार जवळून पाहिलेल्या समाजाला उद्देशून केलेला आहे.

पूर्वेची दिशा

तगरचा पश्चिमेकडील व्यापार पुष्कळांनी अभ्यासला, पूर्वेकडील धागा मात्र कमी सांगितला जातो. पेरिप्लसमध्येच पुढे पूर्व किनाऱ्यावरील बंदरांचे वर्णन येते. तेथून फार मोठी जहाजे गंगेच्या मुखाकडे आणि ‘ख्रिसे’ म्हणजे सुवर्णाच्या भूमीकडे जात. आपल्या परंपरेतील सुवर्णभूमी ती हीच. ब्रह्मदेश, मलाया आणि त्यापलीकडील बेटे असा तिचा विस्तार साधारणपणे मानला जातो. किनाऱ्याकडून तगरला येणारा जो माल लेखकाने नोंदविला, तो पूर्व किनाऱ्याचा असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. या दृष्टीने तगर हे दोन समुद्रांना जोडणारे बिजागर होते.

जैन कथावाङ्मयात या सागरी व्यापाराचे प्रतिबिंब स्पष्ट आहे. संघदासगणींचा ‘वसुदेवहिंडी’ हा ग्रंथ जैन महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेच्या कुळात लिहिलेला आहे. त्यातील चारुदत्त हा श्रेष्ठिपुत्र व्यसनात संपत्ती गमावतो आणि ती पुन्हा मिळविण्यासाठी सिंहल, यवद्वीप, सुवर्णभूमी अशा दूरदेशी जातो. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रताला स्थान मिळाले, त्यामागेही अशाच जगाची ओळख असावी. कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे याची मर्यादा घालून घेण्याची गरज ज्यांच्यासमोर दाही दिशा खुल्या आहेत त्यांनाच पडते.

तेरापूरची जैन स्मृती

तेरच्या नावाभोवती जैन स्मृतीही गुंफलेली आहे. साधारण अकराव्या शतकातील मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी त्याचे संपादन केले आणि कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून ते प्रकाशात आले. चंपेचा राजा करकंडू दक्षिणेकडे निघाला असता तेरापूरजवळ मुक्काम करतो. तेथे त्याला डोंगरातील लेणे दिसते. एक हत्ती कमळ आणून वारुळाची पूजा करताना आढळतो. ते वारूळ खणल्यावर भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा प्रकटते. राजा तेथे नवी लेणी खोदवितो. पुढे तो सिंहलद्वीपालाही जातो आणि समुद्रमार्गे परततो. धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांशी ही कथा जोडली जाते. तेथील दुसऱ्या लेण्यात पार्श्वनाथांची मोठी प्रतिमा आजही आहे. मूळ लेणी बौद्ध की जैन, हा अभ्यासकांतील वादाचा विषय आहे. काव्यातील तेरापूर हे तेरच, याविषयी मात्र फारसे दुमत नाही.

कोकण आणि कोल्हापूर येथील शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तगर सोडून त्यांच्या घराण्याला पिढ्या लोटल्या होत्या आणि राजधानी शेकडो किलोमीटर दूर होती, तरी श्रेष्ठ अशा तगरपुराचे स्वामी ही बिरुदावली त्यांनी टाकली नाही. गावाची पत गावाच्या भरभराटीपेक्षा अधिक काळ टिकली. तेरमधील दिगंबर जैन मंदिर अतिशय क्षेत्र म्हणून पूजिले जाते आणि भगवान महावीरांचे समवसरण येथे आले होते अशी भाविकांची श्रद्धा आहे. याच जिल्ह्यातील भूम तालुक्यात कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र आहे. 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखना घेतली. तेर, धाराशिवची लेणी आणि कुंथलगिरी ही यात्रा एका जिल्ह्यात पूर्ण होते.

बाजार सरकला

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात मावळली. रोमन साम्राज्यातील मागणीही आटली. दूरच्या ग्राहकावर उभी असलेली पेठ हळूहळू ओसरली, पण गाव ओस पडले नाही. विटांचे गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर आजही उभे आहे. मुळात तो बौद्ध चैत्य असावा असे मत कझिन्स यांनी मांडले होते. महाराष्ट्रातील उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंत त्याची गणना होते. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात आहे, आणि येथील काही प्राचीन विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळात संत गोरोबाकाका येथेच मडकी घडवीत होते. त्यांची समाधी 1317 ची मानली जाते. थापटीने मडके पारखावे तशी संतांची पारख करणारा कुंभार म्हणून वारकरी परंपरेने त्यांना जपले आणि चैत्रातील यात्रेला आजही गाव फुलून जाते.

आधुनिक काळात तेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात. तिच्या बहुतेक बाजूंना निजामाची हद्द होती. अशा सरहद्दीवर पेठ वाढते, तशी बार्शी वाढली. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू झाली आणि 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. तेरच्या टापूतील कापूस आता त्या गाडीने मुंबईकडे जाऊ लागला. परंतु तो जाई गाठींत बांधून, कच्चा. कापड बाहेरून येऊ लागले. ज्या मुलखाने रोमला मलमल विकली, त्याच मुलखातील शेतकरी गिरणीचे धोतर विकत घेऊ लागला. रेल्वेने अंतर कमी केले, पण मालातील मजुरीचा वाटा गावाबाहेर नेला.

व्यवहारात दोन नाणी चालत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशेब असे आणि सरहद्दीवरील प्रत्येक सौद्यात हा बट्टा धरावा लागे. या उस्मानिया सिक्क्याची व्यवस्था पाहण्यासाठी 1941 मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 2017 मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1982 मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला. धान्याची मोठी पेठ आणि डाळीच्या गिरण्या तेथेच वाढल्या.

निसर्गानेही या खोऱ्याची कठोर परीक्षा घेतली. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेरणेच्याच खोऱ्यात, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. ज्या खोऱ्यातील कारागिरांनी एके काळी पाण्यावर तरंगणारी वीट भाजली, तेथे ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या उतरले नाही, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेही याच टापूने पाहिले.

सुवर्णभूमी पुन्हा भेटते

आज तेरच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी असेल तेथे ऊस दिसतो. कापूस जवळपास हद्दपार झाला आहे. शेतकरी माल ट्रॅक्टरमध्ये भरून पेठेला नेतो आणि भाव विचारतो. गंमत अशी की, त्या भावाची एक दोरी पुन्हा सुवर्णभूमीच्या हातात आहे.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा भाग बाहेरून येतो. त्यात पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. क्वालालंपूरच्या वायदेबाजारात पामतेल उतरले की सोयातेलावर दडपण येते आणि ते दडपण सोयाबीनच्या भावापर्यंत पोहोचते. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली, तेव्हा त्या एका निर्णयाची झळ भारतातील प्रत्येक स्वयंपाकघराला लागली.

तुरीची कथाही तशीच. म्यानमारमधील शेतकरी तूर आणि उडीद पिकवितात ते प्रामुख्याने भारतासाठी. 2021 मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि पाच वर्षे दरवर्षी एक लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद खासगी व्यापारामार्फत आणण्याचे ठरले. भारतीय व्यापाऱ्यांना तो देश नवा नाही. 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि रंगूनमध्ये गुजराती, मारवाडी व चेट्टियार पेढ्या नांदत होत्या. 1942 मध्ये जपानी आक्रमणामुळे लाखो भारतीयांना परतावे लागले. कित्येकांनी जंगलातून पायी वाट तुडविली. 1962 च्या लष्करी सत्तांतरानंतर व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उरलेल्या पेढ्याही बंद पडल्या. पेढ्या गेल्या, तुरीचा व्यापार मात्र टिकला. जहाज चेन्नई किंवा मुंबईला लागते, माल डाळगिरण्यांत पोहोचतो आणि त्याचा परिणाम तेरच्या तुरीवर होतो.

प्राचीन तगर आणि आजचे तेर यांत अंतर आहे ते एवढेच. जग तेव्हाही जोडलेले होते, आताही आहे. तेव्हा तगर तयार माल पाठवून जगाकडून भाव मिळवीत होते, आज तेर कच्चा माल पाठवून जगाने ठरविलेला भाव स्वीकारते. नफा रस्त्यावर नसतो, तो जेथे मालाचे रूप पालटते तेथे असतो. याच टापूत लातूरने डाळीच्या गिरण्या उभारून ते दाखविले. त्यांपैकी काही उद्योग तेरणेच्या काठी उभे राहिले, तर ते तगराच्या परंपरेला साजेसेच होईल. भांडवल, बाजाराची जाण आणि हिशेबाची शिस्त या गोष्टी ज्या कुटुंबांकडे वंशपरंपरेने आहेत, त्यांनी हे गाव या नजरेने पाहावे.

नावे कोणाची उरली

तगरच्या एकाही बड्या कापड व्यापाऱ्याचे नाव आज लोकांच्या ओठी नाही. त्यांचे वाडे पांढऱ्या मातीत मिसळून गेले. नाशिकला उषवदाताचे नाव उरले ते त्याने ठेव धर्मकार्याला लावून ती दगडावर कोरविली म्हणून. तेरमध्ये गोरोबाकाकांचे नाव उरले ते त्यांच्या भक्तीमुळे. आणि विसाव्या शतकात आणखी एक नाव त्यांत जोडले गेले, रामलिंगप्पा लामतुरे यांचे. तेरच्याच या गृहस्थांनी शेतात, ओढ्यात, पावसाने धुपलेल्या टेकाडांवर सापडणारे मणी, नाणी, मूर्ती आणि खापरे वर्षानुवर्षे जमविली. इतरांना जे मातीमोल वाटत होते त्याचे मोल त्यांनी ओळखले. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय पुरातत्त्व वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या संग्रहालयात मुलांना अवश्य न्यावे. हस्तिदंती मूर्तीसमोर तर थांबावेच, परंतु रोमन रांजणाच्या तुकड्यांकडे आणि मण्यांकडेही लक्ष द्यावे. तो तुकडा ज्या गाडीतून भडोचहून आला, तीच गाडी जाताना तेरचे कापड घेऊन गेली असेल, हे त्यांना सांगावे. टेकाडांवरील माती अजून पुरती उलगडलेली नाही. ती घरबांधणीसाठी उकरली जाणे, पावसात वाहून जाणे किंवा सापडलेली वस्तू खिशात घालून नेणे, यांपैकी कोणत्याही प्रकाराने एक पान कायमचे फाटते. सापडलेली वस्तू संग्रहालयात जमा करणे हे साधे कर्तव्य आहे आणि लामतुरे यांनी ते आयुष्यभर करून दाखविले. ज्या घरात रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते, त्या घरातील मुलांना जुनी वही जपण्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.